बारा ते दोन

मठ बंद. किल्ला बंद. पर्यटन कार्यालयाच्या दारावर
पुठ्ठ्याचं घड्याळ, काटे दोनवर टेकलेले.
आधी पोटोबा मग विठोबा,
हे ल्वारकाठच्या लोकांना कुणी शिकवलं कोण जाणे.
आठशे वर्षं उभी असलेली वास्तू
दोन तास जेवायला गेली.

मी धक्क्यावर उतरलो.
नदी कमी, वाळूच जास्त.
होड्या बांधायच्या लोखंडी कड्या
गंजून भिंतीला नुसत्या लटकलेल्या.

तिथे ओदेत गेरिनो भेटल्या,
दारात खुर्ची टाकून मटार सोलत.
"बंद ना? मग भिंत बघा.
भिंत जेवायला जात नाही."

घर पांढऱ्या दगडाचं,
इतका मऊ की करवतीनं कापत.
"मागची टेकडी आतून पोकळ आहे," त्या म्हणाल्या.
"जेवढा किल्ला वर, तेवढं भोक खाली.
भोकात आम्ही अळिंबी लावतो."

चौकटीवर छिन्नीनं कोरलेल्या तीन रेघा:
एकोणीसशे दहा माझ्या छातीशी,
अठराशे सहासष्ट डोक्यापाशी,
छप्पनच्या पुराला हात उंचावूनच शिवता येतं.
आणि मधल्या जागेत
खिळ्यानं ओढलेले बारीक ओरखडे, शेजारी नावं.

"आमच्याकडे पोरं इंचांत वाढत नाहीत,
पुरांत वाढतात.
आठव्या-नवव्या वर्षी एकोणीसशे दहा.
सहासष्ट लग्नाच्या वयात, तेही उंच घराणं असेल तर.
माएल, माझी पणती, अजून दोन बोटं खाली आहे.
रोज येते आणि टाचा उचलते."

"छप्पन कुणी गाठलं?"

मटारावरचा अंगठा थांबला.
अगदी वर, पुराच्याही वर, एक वाकडी रेघ: फिर्मँ.
"माझा भाऊ. सात वर्षांचा. लबाड,
स्टुलावर चढला होता."

मग हनुवटीनं नदी दाखवली.
"पूर नव्हता. ऑगस्ट होता. एवढंसं पाणी..."
आणि स्वतःच्या गुडघ्याखाली बोट टेकवलं.
"वाळू खालून सरकते."

त्या पाण्याची रेघ भिंतीवर नाही.

गेल्या साली वारसा खात्याची माणसं आली,
हातात मोजपट्टी, आवाजात आदर.
तीन रेघा राखू म्हणाली, काचेची पाटी लावू,
बाकीचं घासून दगड उजळ करू,
इथे फक्त सही करा.
"मी त्यांना कॉफी दिली," ओदेत म्हणाल्या,
"आणि चष्मा हरवला.
अजून सापडलेला नाही."
चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मग मला चौकटीला पाठ लावून उभं केलं,
मटाराच्या वासाचा तळहात डोक्यावर दाबला:
सहासष्टला चार बोटं कमी.
खिळा मात्र काढला नाही.
मी काही इथला नव्हे.

दोन वाजले. खिडकीतल्या मुलीनं विचारलं,
"एक प्रौढ?"
चार बोटं कमी, असं ओठांवर आलं होतं.
हो म्हणालो, तिकीट घेतलं.

आत मार्गदर्शक कमानींची उंची सांगत होता, मीटरमध्ये,
आणि सगळे माना मागे टाकून वर बघत होते.
मी खांबाच्या बुडाशी बघत राहिलो,
जिथे दगड जरा ओलसर होता,
गुडघ्याच्या थोडं खाली.