मत्राह : रात्री दहा ते दोन

रात्री इथं पाहण्यासारखं काय, असं विचारलंत.
बोटीवरून उतरलेले सगळेच विचारतात,
तुम्ही मराठीत विचारलंत म्हणून खरं सांगतो.
नाचगाणं हवं असेल तर टॅक्सी करा,
ती हॉटेलं डोंगरापलीकडे.
इथं जुन्या गावात दहाला शटर पडतात
आणि मग गाव आवाज बदलतं.

आधी लोबान. दुकानदार जाता जाता
उरलेले निखारे गल्लीच्या तोंडाशी ठेवून जातात,
त्या धुराला मालक नसतो. घ्या हवा तेवढा.
चांदीच्या गल्लीतून उजवीकडे वळा,
डावीकडे तटाचा दरवाजा आहे, आत लोकांची घरं.
तिथल्या म्हाताऱ्याला सलाम करा, मागे फिरा.
पाहुण्याला सगळंच दाखवायचं नसतं,
आमच्या खेडलाही नव्हते दाखवत.

मग समुद्राकाठी चहा, शंभर बैसे.
करक म्हणतात, म्हणजे आपला कडकच,
समुद्र ओलांडताना ड चा र झाला.
बाकावर बसण्याआधी मांजराला विचारा,
इथली मूळ रहिवासी तीच.
समोर दिव्यांनी मढलेली मोठी बोट दिसेल,
तिच्याकडे सगळे बघतात.
तुम्ही शेजारचं लाकडी गलबत बघा :
एकच बल्ब,
आणि बल्बखाली कुणीतरी कांदा चिरतंय.

वर पोर्तुगीजांचा किल्ला.
युरोपातली माणसं त्याचा फोटो काढताना हळवी होतात,
ओळखीचा वाटतो म्हणे.
आम्हा कोकण्यांनाही वाटतो. कारण वेगळं.

साडेअकराला बर्फाच्या कारखान्यामागे कॅरम.
बलुची पोरं, एक बंगाली हमाल, कधी कधी
दंतवैद्याचा ड्रायव्हर, तो हरतो.
राणी गेली की भांडण चार भाषांत.
मला पंच करतात,
कारण मला चारही अर्ध्याच येतात.

इथं बारा म्हणजे घरी दीड.
फोनची वेळ केव्हाच गेलेली.
बारा ते दोन खास असं काही नाही. चालायचं.

तुम्ही विचारलं नाहीत,
पण हे सगळं मला मिनिटावारी कसं ठाऊक?
सहा वर्षं माझी खाट
रात्री दोनपर्यंत माझी नव्हती.
शेरजमान, स्वातचा, भट्टीवर रोट्या लावणारा,
आठला झोपायचा, दोनला उठायचा.
तो उठला की मी आडवा,
गादीत त्याची ऊब,
उशीला कणकेचा वास.
सहा वर्षांत सगळं मिळून
दोनेक तास बोललो असू, तेही दारात,
तो चपला घालताना, मी काढताना.
एकदा उशीखाली कागदात रोटी ठेवून गेला.
मी पुढच्या हंगामात हापूस ठेवला.
त्यानं कोय धुऊन खिडकीत वाळत घातली,
काय करणार होता तिचं, देव जाणे.

यंदा रमजानच्या आधी तो गेला.
व्हिसा संपला म्हणून की आई गेली म्हणून,
खोलीत दोन मतं आहेत.
आता खाट दहालाच मोकळी, गादी गार.
सगळे म्हणतात, नवा येईपर्यंत मजा कर.
मी शटर ओढतो, कुलूप हलवून बघतो,
पाय समुद्राकडे वळतात.

हां, तर दोन वाजता मासळीबाजारात बर्फाचा ट्रक येतो.
सुरमई चारला. थांबवलं तर थांबा,
तुमची बोट सहाची ना?
भट्टी त्या वळणावर, निळ्या दाराशेजारी.
आता दुसरा माणूस आहे, जाड लावतो.
तरी एक घ्या.
गरम असते.