दहा ते चार

दहाला हे जातात, चारला दुसरे येतात.
मधले सहा तास घर कुणाचंच नसतं,
म्हणजे माझ्या ताब्यात.
मालकीणबाई मिलानला. त्या फोनवर विचारतात,
"नीवेस, झालं का?"
मी म्हणते, होतंय.

आधी खिडक्या.
अकरा माणसांच्या झोपेचा वास एका झटक्यात जात नाही,
म्हाताऱ्या पाहुण्यासारखा दारात रेंगाळतो.
मग चादरी. मी काही विचारत नाही, तरी त्या सांगतात.
खालच्या खोलीतल्या जोडप्याने आठवडाभर
पलंगाच्या फक्त दोन कडा वापरल्या,
मधली इस्त्रीची घडी जशीच्या तशी.
वरच्या पोरांच्या अंथरुणात वाळू.
समुद्र इथून साठ किलोमीटर.

हे हॉलंडचे होते.
बटाटे घरून आणलेले, पोतंभर!
आमच्या टेकडीवर बटाटे उगवत नाहीत
असं त्यांना कुणी सांगितलं?
संध्याकाळी सहाला जेवायचे, लख्ख उन्हात.
"त्या वेळी आमच्या कोंबड्या जेवतात," दुइलिओ म्हणाला,
आणि ट्रॅक्टर मुद्दाम हळू नेला
ताटात काय आहे ते दिसावं म्हणून.

त्यांच्यात एक आजोबा.
बुधवारी मी टॉवेल घेऊन गेले तेव्हा
भिंतीतल्या लोखंडी कडीवर बोट ठेवून उभे.
हे काय, असं भुवयांनी विचारलं.
मी डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली, हंबरले.
ते इतके हसले की ठसका लागला.
मग त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगत राहिले,
डोळे पुसत, कडी हलवत.
मी मान डोलावत होते.
रात्री भांडी घासताना वाटलं,
कशाकशाला हो म्हणून आले कोण जाणे.

बारा वाजले. यादी.
काटे बारा, सुऱ्या बारा, चमचे अकरा.
पुन्हा मोजले. अकरा.
एका चमच्याचे तीन युरो अनामत रकमेतून कापायचे,
असा बाईंचा नियम, फ्रीजवर चुंबकाने लावलेला.
सोफ्याखाली पाहिलं, एक मोजा निघाला.
कचऱ्याची पिशवी उपसली: बटाट्याची सालं, सालंच सालं.
पोहण्याच्या तलावाच्या जाळीत बेडूक, जिवंत.

चमचा अंजिराखाली सापडला.
मातीचा वीतभर उंचवटा,
कडेने पिस्त्याची टरफलं रोवलेली, अगदी नेटकी,
आणि उशाशी चमचा उभा, दांडा जमिनीत.
कागदाची चिठ्ठीही होती.
पाण्याच्या फवाऱ्याने नाव धुऊन नेलेलं,
शेवटचं एक अक्षर तेवढं उरलं होतं, तेही मला न वाचता येणारं.

मी उकरलं नाही.
आठवलं: जेवणघराच्या काचेवर सकाळी एक डाग होता,
भुकटीसारखा फिका, पंख पसरल्यासारखा.
पाकोळी असणार. त्यांना काच कळत नाही,
आकाशच पुढे चालू आहे असं वाटतं.
तो डाग मी व्हिनेगर मारून पुसला होता,
दोनदा, जोर लावून,
गाणं गुणगुणत.

चमचा तिथेच ठेवला.
घरी जाऊन आमच्या खणातला एक आणला,
सासूच्या रुखवतातला. जरा जड आहे.
दांड्यावर अ आणि झ, कोरलेले, झिजलेले.
ती असती तर म्हणाली असती,
परक्यांच्या तोंडी माझा चमचा?
आणि मग स्वतःच पुसून दिला असता.

चमचे: बारा. सही केली.
बाईंना फोन केला. झालं, म्हटलं.

पावणेचार. उशांचे अभ्रे अजून ओलसर,
पण उन्हाळ्यात कोण तक्रार करतं.
खाली वळणावर धुरळा उठलाय.
एक गाडी. दोन. तिसरी, टपावर होडी बांधलेली.
कागदावर बारा जण लिहिलेत.
मग ही चौथी गाडी कुणाची?