छपराचा हिशोब

तुळई माझी होती, हे आधीच सांगतो.
लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा छप्पर असं फोडतात
जणू ते कुणाचंच नव्हतं.

मी योएजेर. कफर्णहूमच्या धक्क्यावर मासे खारवतो.
उंबराची तुळई गाढवावर लादून डोंगरापलीकडून आणलेली,
तिच्यावर वेत, वेतावर पेंढा, पेंढ्यावर माती,
आणि दर हिवाळ्याआधी दगडी रूळ फिरवून
ती माती चोपायची माझ्याच हातांनी.

त्या दिवशी घरात पाहुणा होता,
नासरेथचा, तळहातावर अजून रंध्याचे घट्टे.
भाकरी पुरायच्या नाहीत म्हणून शेलमने माझ्याकडे पाहिलं,
मी दाराकडे. तिथून मुंगी शिरली नसती.

आधी नुसती धूळ पडली.
मग एक ढेकूळ, थेट जैतुनाच्या वाडग्यात.
मग चौकोनभर आभाळ,
आणि त्या आभाळातून चार दोर,
दोरांना बाज, बाजेवर एलिशामा,
कुंभाराचा थोरला. बारा वर्षं
त्याच्या पायांवर माशी बसली तर दुसऱ्याने उठवायची.

वर चार तोंडं, लाल, घामेजलेली.
मत्तान ओरडत होता, "हळू रे, त्याचं डोकं सांभाळा!"
माझ्या छपराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मी तोंड उघडलंच होतं.
पण पाहुण्याने वर पाहिलं,
केसांत माझी माती, भुवईवर माझा पेंढा,
आणि त्या चौघांकडे तो असा बघत राहिला
जसं कुणी फार दिवसांनी आलेल्या निरोपाकडे बघावं.
सुतार आहे, मी म्हटलं, तुळईची किंमत याला कळेल.
तो वाकला, आणि बाजेवरच्याला म्हणाला,
तुझ्या नावावर आता काही बाकी नाही.

कोपऱ्यात शास्त्री कुजबुजू लागले,
बाकी पुसायचा हक्क याला दिला कोणी?
मी गप्प. मी वेत मोजत होतो.
तेरा वेत, अर्धी तुळई, दोन दिवसांची मजुरी.
तेवढ्यात घरभर आरडाओरडा झाला,
बाज काखेत मारून कुणीतरी माझ्या अंगावरून बाहेर गेलं.

चमत्कार मी पाहिला नाही.
त्याच्यापासून चार हातांवर होतो,
आणि वर बघत होतो, भोकाकडे.

आठवड्याने वसुलीला निघालो.
मत्तानने मुकाट जाळं काढून दिलं, गहाण म्हणून.
हिल्कीयाकडे द्यायला काही नव्हतं. तो म्हणाला,
"आम्ही आधी दारातूनच आलो होतो, योएजेर.
दारात तू उभा होतास."

उभा होतो. जागा नाही म्हणणारा आवाज
माझाच होता. मागे वळूनही पाहिलं नव्हतं,
कोण आहे, काय उचलून आणलंय.

घरी आलो तर शिडीवर एलिशामा,
एका हातात मातीचं घमेलं.
दर पायरीवर थांबायचा,
स्वतःच्या गुडघ्याकडे बघून हसायचा, मग पुढची.
शेलम खालून शिडी धरून उभी, जीव मुठीत.
मी काही बोललो नाही. रूळ घेऊन वर गेलो.
त्याने लिंपलं ते लिंपणं नव्हतंच, बाप कुंभार असून!
कुठे जाड, कुठे पातळ, मधे पाचही बोटं उमटलेली.
म्हणाला, "राहिलेलं उद्या करतो."
उद्या, हा शब्द तो घोट घेतल्यासारखा बोलायचा.

जाळं मी त्याच रात्री परत केलं.
अंधार पडल्यावर. कुणी बघू नये म्हणून,
पुण्यासाठी नव्हे, लाजेपोटी.

आता थंडीतला पाऊस आला की तिथंच गळतं.
शेलम खाली मडकं ठेवते आणि मला बोल लावते,
दर साली रूळ फिरवतोस, तेवढीच जागा कशी सुटते?
मी सांगतो, माती भुसभुशीत आहे.
ती मडकं ओतून येते. पुन्हा ठेवते.