सर्व्हिस वायर

एकतीस वर्षं मी झाडं छाटली.
लोंढ्यापासून जांबोटीपर्यंत
तारेला जे जे शिवलं ते माझ्या कोयत्याखाली आलं,
जांभूळ, नाणा, किंदळ,
एकदा कुणा म्हातारीच्या दारातला कवठी चाफा,
ती शिव्या देत असताना.
लुमाण्णा दिसला की गुंजीतली पोरं म्हणायची,
आज लाईट जाणार.

आता परड्यात बसतो.
दोन गुंठे. विहिरीच्या कठड्यावर मायाळू चढलाय,
निंगव्वा त्याला बसळे म्हणते, ती बैलहोंगलची.
आमटीत पडला की दोघंही नाव काढत नाही.
दगडांच्या ढिगात धामण राहते,
तिची गेल्या सालची कात
मी रीडिंगच्या जुन्या वहीत ठेवलीय.
सातभाई साडेसातला येतात, भांडतात,
पाचोळा उलटा करून
झाडून दिल्यासारखे निघून जातात.

माघात शेवगा फुलला.
एक फांदी आमच्याच वायरवर रेललेली,
वारं आलं की घरातला बल्ब डोळा मारायचा.
दगडावर पाणी शिंपडून कोयत्याला धार लावली,
शिडी लावली,
आणि चौथ्या पायरीवर थांबलो.

फांदीच्या टोकाला पिशवी लोंबत होती.
मुठीएवढी, कोळ्याच्या जाळ्यानं शिवलेली.
सालीचा भुगा, अळीची लेंडी,
कुणाच्या स्वेटरचा तांबडा दोरा,
आणि लाईटबिलाचा एक कपटा,
त्यावर थकबाकी स्पष्ट दिसत होती,
कुणाची ते फाटून गेलेलं.
दाराला छोटी वळचणसुद्धा.
आत वाकडी चोच, एक डोळा.
शिंजीर बसली होती. हलली नाही.
मीच उतरलो.

सिद्राय आला, नवा लाइनमन, माझ्याच हाताखाली शिकलेला.
"अण्णा, तुम्हीच सांगूलालासा की,
आधी फांदी, मग चहा."
म्हटलं, "आज आधी चहा घे. मग वायर सोड."
"घराची?"
"घराचीच."
खांबावर पक्कड चालवता चालवता ओरडला,
"कारण काय लिहू गा?"
"लिही, वस्ती हाय."

निंगव्वा तीन दिवस बोलली नाही.
तिच्या मालिकेतली सासू
विषाचा पेला हातात घेऊन तिकडेच अडकली होती.
चौथ्या रात्री मात्र कंदील घेऊन बाहेर आली.
"एवढ्या रात्री आंबेमोहर कोण शिजवूलालंय?"
खरंच, भाताचा वास. शेजारी सगळे निजलेले.
मग चिकूची फांदी वाकली,
एक लांब शेपूट तिच्यामागून सावकाश गेलं.
"पुनुगु बेक्कू," ती कुजबुजली.
मी उदमांजर म्हणालो.
ते एक चिकू तोंडात धरून
आमच्याकडे बघत राहिलं,
आम्हीच त्याच्या दारात आल्यासारखं.

मग रोज बसायला लागलो.
पिंगळे कुठल्या पोकळीत राहतात ते कळलं.
केळीची पानं चांदण्यात मागूनही दिसली,
बल्बनं आजवर ती एकाच बाजूनं दाखवली होती.

बाविसाव्या दिवशी मी खानापुरात,
हयातीच्या दाखल्याच्या रांगेत.
लुमाण्णा जिवंत आहे
हे साहेबांनी शिक्क्यासकट कबूल केलं तेव्हा दुपार कलली होती.
घरी आलो तर पिशवी रिकामी.
निंगव्वा म्हणाली, एक पिल्लू उडालेलं बघितलं,
शेपूट नसल्यासारखं, मेलेल्या तारेवर
थोडं बसलं आणि गेलं.
दुसऱ्याचं सांगता येत नाही.
मुंगूस फिरत होतं त्या अंगाला.

सिद्राय उद्या येतो म्हणालाय.
कालही म्हणाला होता.
फांदीला आता शेंगा लोंबतात, तारेवर विसावून.
कोयता दोडक्याच्या मांडवाला अडकवला होता,
काढायला गेलो तर पात्यावर
कुंभारमाशीनं
ओल्या मातीचा पहिला थर लावलेला.