चार बोटं काच

घरात बोलायला कोपरा नाही,
म्हणून मंगळवारी साडेसातला खाली येते
आणि त्याच्या टॅक्सीत बसते. काचा वर.
पोलिसांनी सोडल्यावर दिरानं आणून लावली ती,
घोडपदेवच्या उतारावर, मागच्या चाकाला वीट देऊन.

बंद मीटरला टेकवून फोन ठेवते.
त्यात ऋजुता मॅडम येतात, नाशिकहून,
मागे निळा पडदा, कधी कुणाच्या कुकरची शिट्टी.
पैसे जमतील तेवढे, असं ठरलंय.
म्हणतात, "पाय जमिनीवर टेकलेत ना? टेकवा नीट."
टेकत नाहीत.
सीट दिगंबरच्या पायांच्या मापाची आहे.
मी हो म्हणते.

वाकोल्याच्या पुलाखाली काच पुसायला उतरला,
मागून टेंपो आला,
आणि टॅक्सीला ओरखडासुद्धा नाही.
एवढं सांगून झालंय. तीनदा. पेपरात छापल्यासारखं.
त्याच्यापुढे एक शब्द आहे, तिथं आलं की
जीभ चिकटते, नाहीतर नेट जातं.
एकदा त्यांचा चेहरा थिजला, तोंड अर्धं उघडं,
मी फोन हलवला, गदागदा,
सायनला स्ट्रेचरवर त्याला हलवलं होतं तसा.

"घाई नाही," म्हणतात. "समोर दिसतंय ते सांगा. पाच वस्तू."
सुकलेलं लिंबू. मिरच्या गळून गेल्या.
चुन्याची डबी.
पासिंगचा कागद.
पिवळं फडकं...
फडकं नाहीये मॅडम. ते त्याच्या हातात होतं.

आज काचेवर टकटक झाली.
दोन पिशव्या, घामाघूम माणूस. "परळ येणार?"
मी मान हलवली. तो वाकून आत बघायला लागला.
"ड्रायव्हर कुठे गेलाय? वेळ लागेल का?"
काच खाली केली, चार बोटं, तेवढीच.
म्हणाले, "वारला. माझा नवरा होता. वारला तो."
सीएनजी संपलाय म्हणून सांगावं, तसं.

तो उभाच राहिला.
मग एक पिशवी खाली ठेवून
त्यानं बॉनेटला हात लावला, तो छातीला लावला,
पिशवी उचलली आणि उतारानं चालत गेला.

फोनमधून आवाज नाही. वाटलं, गेलं नेट.
पण मागचा पडदा हलत होता.
ऐकलं होतं त्यांनी.
काही विचारलं नाही, एवढं बरं केलं.

वर सासूबाईंची मालिका संपत आली असेल,
भात टाकायचा राहिलाय.
मी म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवसापासून एक खोटं बोलतेय.
पाय टेकत नाहीत माझे."
सीटखाली हात घातला.
लिव्हर असतो तिथे, गार, थोडा तेलकट.
सापडला.
ओढला नाही अजून.