फ्रीजखालचा कौल

गुरुवारी रात्री, सोहारात, बेकरीवरच्या फ्लॅटमध्ये
आम्ही देव करायला बसतो.
पडदा ओढून. चोरून असं नाही,
पण समोरच्या इमारतीतल्यांना काय सांगायचं,
की चार नोकरदार माणसं
नसलेल्या जगाला देव पुरवतायत?

वही माझी. जग माझं. नियमही मीच लिहिलेत:
देवाला आधी भूक द्या, मग नाव.
काय खातो ते ठरलं
की कोण रांधतं ते ठरतं,
कोण उष्टं काढतं ते ठरतं,
आणि कुणाला उंबऱ्याबाहेर उभं करायचं
तेही, न ठरवता, ठरून जातं.
हे मी पुस्तकात नाही वाचलेलं.
आमच्या देवळाला पायऱ्या नऊ,
आणि कोण कितवीवर थांबतं ते मला पाढ्यासारखं पाठ आहे.

आर्नेल बंदरावर क्रेन चालवतो.
त्याचा देव उंचावर राहतो, एकटाच.
खाली बघितलं की त्याला गरगरतं,
म्हणून तो भक्तांकडे बघतच नाही.
"बरं कारण काढलंस," जिन्सी म्हणाली.
जिन्सी नर्स. तिची देवी रात्रपाळीची.
तिला नवस बोलायचा नाही, नुसती घंटी दाबायची.
ती येईलच असं नाही,
तीन नंबरच्या खाटेनं आधी बोलावलेलं असतं.

ताहिर पेन्सिल खाली ठेवून बसला.
सियालकोटचा, शिंप्याचा मुलगा, हात मापाचा.
"देव मी करणार नाही, बाजी. तुम्ही करा.
मी रस्ते काढतो."
काढले. विहिरी, सराया, फलजाचे पाट,
वाटेवरच्या बाभळीसुद्धा मोजून.
आणि नकाशाच्या मधोमध एक खोली:
चार भिंती, एक दार.
हिच्यात कोण?
कोणी नाही.
मग हिची ताकद किती धरू?
त्यानं खांदे उडवले. तेवढ्यात अजान झाली,
तो आतल्या खोलीत गेला,
आणि आम्ही तिघं त्या रिकाम्या चौकोनाकडे
चहा निवेपर्यंत बघत राहिलो.
पुढचे सात गुरुवार
आमच्या हरलेल्या फौजा तिथेच लपल्या.

फासा वीस बाजूंचा. टाकण्याआधी मी गाऱ्हाणं घालते,
आजोबा घालायचे तसं, विनवत कमी, दटावत जास्त:
बा देवा म्हाराजा,
ही लेकरा परमुलखात इली हत,
कोणाचो व्हिसा अडाकलो आसात तर सोडवून दी,
कोणाक खयची नजर लागली आसात तर ती भायर काढ...
आणि मल्याळी, तागालोग, पंजाबी जिभा एकदम:
व्हय म्हाराजा!
गावी पाषाणावर पाकळी चिकटवायची,
उजवी पडली तर होकार.
इथे बारा पडले तर.

नियम सतरावा: भक्त नसलेल्या देवाचा
दर आठवड्याला एक गुण उणा.
शून्याला त्याचा वारा होतो.
मार्चात आर्नेलचं कंत्राट संपलं.
जाताना भाताचा कुकर जिन्सीला दिला,
गादी वॉचमनला.
देव कुणालाच दिला नाही.

एकोणीस. अठरा.
माझाच नियम, मीच कसा खोडू?
गावच्या देवळात दिवाबत्तीसाठी
मी दर महिन्याला पैसे पाठवते.
वात लागते का ते कोण बघतंय.
सतरा.
गच्चीवरून क्रेनचा लाल दिवा दिसतो अजून,
वर आता दुसरंच कुणी.
सोळा.

मग भाडं वाढलं, फ्लॅट सोडायचा ठरला.
फ्रीज सरकवला तर खाली धूळ,
एक वाळकी मिरची,
आणि आर्नेलचा हिरवा फासा,
ईदच्या आदल्या रात्री घरंगळलेला.
वर वीस.

त्या रात्री विचारलं काय होतं
ते कुणालाच आठवेना.
जिन्सी वाकली, हात पुढे केला.
ताहिर म्हणाला,
"थांब, उचलू नको.
आधी वहीत लिहू दे."