दुसरा थर

शिजो म्हणतो, चार थरांत बसव.
सहाचा भाव त्याने मागवलाय, आणि तो आकडा
कागदाच्या समासात दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलाय.
शारजा, औद्योगिक वसाहत तेरा:
खाली टायरवाला, वर आम्ही,
एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब.

मी म्हणते, बघ.
पहिल्या थरावर चिपा, त्यांचं आपसातलं बोलणं.
दुसऱ्यावर काही नाही.
काही नाही म्हणजे सलग तांबं,
या काठापासून त्या काठापर्यंत,
भोकांपुरतं टोचलेलं, चिरलेलं कुठेच नाही.
तिसऱ्यावर वीज.
चौथ्यावर आडव्या वाटा, आणि वाटांमधल्या मोकळ्या जागी
भरीचं तांबं, वजन सारखं राहावं म्हणून,
नाहीतर भट्टीत शिरल्याबरोबर बोर्ड
निखाऱ्यावरच्या पापडासारखा एका अंगाने उठतो.
पाचवा पुन्हा दुसऱ्यासारखा.
सहाव्यावर उरलंसुरलं.

"दुसऱ्या थराचेही पैसे पडतात," शिजो म्हणतो,
"आणि त्यावर तू काहीच काढलेलं नाहीस."

आमच्या गावात गंगाराम तोडणकर वायरमन होता.
खड्ड्यात तांब्याची पाटी पुरायचा,
वर मीठ, कोळसा, मीठ, कोळसा,
आणि दर चैत्रात त्यावर दोन कळश्या पाणी.
म्हणायचा, अर्थ नीट नसेल तर सगळं व्यर्थ.
आम्ही पोरं हसायचो. तो हसायचा नाही.

गेलेला प्रवाह परत यावाच लागतो.
संथ असेल तर सोपी वाट शोधतो, कुठूनही येतो.
घाईतला मात्र ज्या रेषेवरून गेला
बरोबर तिच्या पोटाखालून येतो,
जवळच्या तांब्यातून, सावलीसारखा.
मध्ये एक दशांश मिलिमीटर, काच आणि राळ.
त्याला वाटेत चीर लागली
तर वळसा घालतो, आणि त्या वळशाचा गलका
भलत्याच रेषेच्या कानात जातो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं.
मग मागच्या जुलैत खोरफक्कानला गेले.
पंप सुरू झाला की आमचा बोर्ड बेशुद्ध पडायचा.
दुपारी दोन, पत्र्याची खोली, हात लावला की चटका बसेल असं दार.
तिथला ऑपरेटर खल्फान
दर खेपेला बटण दाबून त्याला उठवायचा
आणि शाळकरी वहीत वेळ लिहायचा.
एकसष्ट नोंदी.
एक पहाटे सव्वातीनची,
तिच्यापुढे अरबीत काहीतरी. मी विचारलं.
म्हणाला, मुलगी तापाने फणफणली होती, तरी आलो.

वही मांडीवर घेऊन मी लॅपटॉप उघडला.
चार थरांचा बोर्ड. दुसऱ्यावर एक चीर,
बावीस मिलिमीटर लांब,
विजेची एकच रेष पलीकडे न्यायला दिलेली.
त्या रात्री मला घरी जायची घाई होती,
आणि दुसरा थर कोण बघतं?
चीर मीच दिली होती.
हे खल्फानला सांगितलं नाही.
त्याने खजूर पुढे केले, ते खाल्ले.

शिजोला आज सांगितलं.
तो बादली रिकामी करायला उठला,
बराच वेळ परतला नाही.
आला तेव्हा म्हणाला, सहा. पण डबा पत्र्याऐवजी प्लास्टिकचा.
मी म्हटलं, डब्याचं उद्या भांडू.

कोपऱ्यात एक खिडकी ठेवलीय,
नखाएवढी, तांबं काढून टाकलेली,
तिच्यात प्रत्येक थराचा आकडा, शेजारी शेजारी.
बोर्ड उजेडाकडे धरला
तर एक ते सहा ओळीने दिसावेत.
कारखाना थरांची उलटापालट करतो कधीकधी.

खल्फानला फोन केला, नवा बोर्ड येतोय, सहा आठवडे.
तो म्हणाला, बरं झालं,
वहीत चाळीस पानं उरलीत,
बायको किराण्याला मागतेय.